दोनशे चौदावं पान

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात मागणी-चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा आहे. विद्यार्थी पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून देतो, शिपाई कपाटापर्यंत जाऊन येतो आणि पुस्तक मिळालं नाही की चिठ्ठीवर ‘नाही’ असं लिहून ती माझ्याकडे पाठवतो. बाकीच्या चिठ्ठ्या मी महिनाअखेरीला टाकून देते. एका पुस्तकाच्या मात्र कधी टाकल्या नाहीत. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या तलावांवरचं ते पुस्तक. लेखक कुणी गोरा अधिकारी, वर्ष जुनं, नाव भारदस्त. दरवर्षी इतिहासाची मुलं ते मागायची आणि दरवर्षी मी त्यांना हात हलवत परत पाठवायची.

मी ते पुस्तक कुठं कुठं शोधलं होतं! बायंडिंगच्या खोलीत, वाळवीने खाल्लेल्या गठ्ठ्यांत, चुकीच्या कपाटांत. दुसऱ्या ग्रंथालयांना पत्रं लिहिली, ती सगळी नकार घेऊन परत आली. आपल्या हाताखालून एक पुस्तक चोरीला गेलं, असं मी धरून चालले होते आणि त्या न सापडलेल्या चोरावर माझा राग होता. आमच्या काचीगुड्याच्या घरात सगळे शांत स्वभावाचे. आजोबा महसूल कचेरीत, वडील शाळामास्तर, कुणाचा आवाज कधी चढला नाही. मीच एक अशी निघाले. आई म्हणायची, हिच्या पोटात काही जिरत नाही. खरं आहे ते, माझ्या पोटात नाही जिरत.

ज्या माणसाविषयी सांगायचंय ते आमच्या विद्यापीठात इतिहास विभागाचे प्रमुख. तेही आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातले, वकिलांच्या. आमच्या दोन्ही घरांचं लग्नामुंजीला येणंजाणं होतं. ते पीएच.डी. करत होते तेव्हा मी याच ग्रंथालयात हंगामी मदतनीस होते, म्हणजे आमची ओळख काउंटरच्या अलीकडून-पलीकडून, वीस-बावीस वर्षांची. पुढे ते प्रमुख झाले आणि मी ग्रंथपाल झाले. काउंटर मात्र त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

काही वर्षांपूर्वी मी अभ्यास मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला. अठरा पानांचा. दोन वर्षं घासून लिहिलेला. म्हणणं साधं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण तासभर ग्रंथालय फिरवून आणतो, हे कपाट, ते संगणक, इथं चपला काढा, आणि समजतो की त्यांना माहिती शोधता येऊ लागली. तसं होत नाही. कुठली माहिती खरी, ती कुणी दिली, त्याला ती कुठून मिळाली, हे विचारण्याची सवय लागायला पदवीची सगळी वर्षं लागतात. म्हणून हे शिकवणं वेगळं न ठेवता प्रत्येक विषयात विणलं जावं. इतिहासाच्या मुलाने तळटीप मुळापर्यंत न्यावी, रसायनशास्त्राच्या मुलीने प्रयोगाचा मूळ अहवाल काढावा, वाणिज्यच्या मुलाने जाहिरातीतला दावा तपासावा. आणि याला गुण असावेत, कारण गुण नसलेलं काही आमची मुलं करत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही.

प्रमुखांनी ती अठरा पानं न उलटता बाजूला सरकवली. मग मंडळाला इंग्रजीत एक वाक्य ऐकवलं, त्यावर हशा झाला. तेवढ्याने त्यांचं भागलं नाही. माझ्याकडे वळून त्यांनी तेच वाक्य खास माझ्यासाठी मराठीत सांगितलं, जणू मला इंग्रजी कळलं नसावं.

“बाई, पुस्तक कुठं ठेवलंय ते तुम्ही सांगा. पुस्तकात काय आहे ते आम्ही सांगतो.”

एकच अपमान मला दोनदा मिळाला, दोन भाषांत. घरी येताना विद्यानगरपासून काचीगुड्यापर्यंत बसमध्ये मी ते वाक्य मनात घोळवत होते आणि उतरले तेव्हा ते पाठ झालं होतं.

दोन वर्षांनी बाहेरून तपासणी समिती येणार होती. ‘नवे उपक्रम’ या रकान्यात काही तरी भरायला हवं होतं. तेव्हा प्रमुखांनी मंडळापुढे स्वतःचा एक प्रस्ताव ठेवला: पदवी अभ्यासक्रमात माहिती साक्षरता. सगळ्यांनी कौतुक केलं. प्रत माझ्याही हाती आली. पहिल्या पानाला मला शंका आली, नवव्या पानाला खात्री पटली. माझ्या मूळ प्रस्तावात मुद्दे सहा, मग एकदम आठ असे होते. सातवा मुद्दा मी शेवटच्या क्षणी भिऊन काढून टाकला होता आणि पुढचे आकडे बदलायचे राहून गेले होते. त्यांच्याही प्रस्तावात सहानंतर आठ होता. चोराने खिडकीची तुटकी काचसुद्धा सोबत नेली होती.

मी बोलले नाही. बोलून काय झालं असतं? आपण दोघांनी मिळूनच चर्चा केली होती ना, असं हसत म्हणाले असते आणि मंडळाने मान डोलावली असती. अभ्यासक्रम एक वर्ष चाचणीसाठी मंजूर झाला, पहिल्यांदा इतिहास विभागात. व्याख्यानं विभागाने द्यायची, प्रात्यक्षिकं ग्रंथालयाने करून घ्यायची. वर्षाअखेरीस मंडळ ठरवणार होतं की तो सगळ्या पदव्यांत न्यायचा की गुंडाळायचा. प्रात्यक्षिकं माझ्या अंगावर टाकताना त्यांना वाटलं असेल, उचलठेव बाईंच्या गळ्यात मारली. मला मात्र त्या कागदावर दुसरंच दिसत होतं. मला आता त्यांच्याच विभागातल्या सव्वीस मुलांना हव्या त्या वाटेने पाठवता येणार होतं.

तलावांच्या पुस्तकाचं कोडं तोवर मला अर्धं सुटलं होतं. विभागातले जुने लघुप्रबंध मी एका सुट्टीत पालथे घातले होते. प्रत्येकाच्या शेवटच्या संदर्भसूचीत ते पुस्तक होतं. मुलं सूची आपल्या वरच्या वर्गाकडून जशीच्या तशी उतरवून घेतात. ती प्रथाच आहे, नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिकांसोबत सूचीही मिळते. अशा सूच्यांची माळ धरून मी मागे मागे जात राहिले आणि सगळ्यात तळाशी कुणाचा प्रबंध निघाला असेल, ते सांगायला नको. त्या दिवशी मी घरी जाताना मिठाई नेली. घरच्यांनी कारण विचारलं तर म्हटलं, सहज.

म्हणजे पुस्तक चोरीला गेलंच नव्हतं. ते कधी नव्हतंच. प्रमुखांनी ते आपल्या प्रबंधात रचलं होतं, असा माझा समज झाला. तो समज मला फार आवडला.

पहिलं प्रात्यक्षिक मी असं दिलं: तलावांच्या या पुस्तकाचा संदर्भ तुमच्या हातातल्या सगळ्यात नव्या लघुप्रबंधापासून मागे न्या. प्रत्येक टप्प्याला एक चौकट काढा, त्यात लिहिणाऱ्याचं नाव लिहा आणि त्याने पुस्तक स्वतः पाहिलं होतं का, हे लिहा. जिथं माग थांबेल तिथं थांबा. प्रमुखांचं नाव मी कुठंही उच्चारलं नाही. मला त्याची गरज नव्हती.

मुलं कामाला लागली. काहींनी आधी मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारलं, तर त्याने न दचकता त्या पुस्तकाचा सारांश चार मुद्द्यांत दिला. वर्गात तो मोठ्याने वाचला गेला आणि मुलं बरी घाबरली. मी महिनाभर व्याख्यान दिलं असतं तरी जे कळलं नसतं ते त्यांना दहा मिनिटांत कळलं. मग त्यांनी ग्रंथालयांना मेल केले, जुने लघुप्रबंध काढले, पूर्वी पास होऊन गेलेल्यांना फोन लावले. तीन आठवड्यांनी सव्वीस तक्ते आले. सव्वीसही तक्त्यांच्या तळाच्या चौकटीत एकच नाव होतं. मी ते वाचनकक्षाच्या भिंतीवर ओळीने लावले आणि त्या भिंतीसमोरून दिवसातून चारदा विनाकारण फिरले. लाज वाटली का? नाही. मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

चौथ्या दिवशी ते आले. तक्ते पाहून झाल्यावर माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि अगदी घरगुती आवाजात म्हणाले की मुलांना हा विषय कठीण जातोय, बदलून दुसरा द्या. मी म्हटलं, मुलांनी तर पूर्ण केला. त्यावर त्यांचा घरगुती आवाज संपला. त्या काळात संशोधकांना याद्या ग्रंथालयच करून द्यायचं, ते म्हणाले, हे विसरलात का? मी म्हटलं, यादी दाखवा. यादी त्यांच्याकडे नव्हती, घर बदलताना गेली. “मग राहिलं,” मी म्हटलं आणि समोरचं रजिस्टर उघडून त्यात बघत बसले, ते जाईपर्यंत.

आठवड्याभरात मंडळाच्या बैठकीचं पत्र निघालं. विषय एकच: माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम विद्यार्थ्यांवर बोजा ठरत असल्याने त्याऐवजी एक दिवसाचं ग्रंथालय-दर्शन ठेवावं. प्रस्ताव मांडणारे प्रमुख. म्हणजे माझी अठरा पानं आधी हसण्यावारी नेली, मग चोरली आणि आता ती त्यांच्यावर उलटली म्हणून मारून टाकायची. मी ठरवलं, बैठकीला सव्वीस तक्ते घेऊन जायचं. अभ्यासक्रम वाचेल आणि हे बुडतील, दोन्ही एकाच दिवशी.

बैठकीच्या दोन दिवस आधी वर्गातली एक मुलगी आली. अंबरपेठेत राहणारी, घर मराठी शेतकऱ्यांचं, आता वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. बोलताना तिच्या एका वाक्यात तीन भाषा असतात. तिने आपला तक्ता भिंतीवरून काढून मागितला. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, खाली अजून एक चौकट येते.

तिने सरांच्या प्रबंधाचं आभाराचं पान वाचलं होतं. बाकी पंचवीस जणांनी फक्त सूची पाहिली होती. खरं तर सव्वीस जणांनी, कारण मीही सूचीच पाहिली होती. आभारात लिहिलं होतं की संदर्भांची यादी करून दिल्याबद्दल ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांचा ऋणी आहे. मग ही पोरगी आमच्या तळघरात गेली. आमच्याकडे करून दिलेल्या प्रत्येक यादीची कार्बन प्रत ठेवायची पद्धत होती. त्या प्रती खोक्यांत पडून होत्या आणि तिने तीन दुपारी धुळीत बसून हवी ती प्रत काढली.

“मॅडम, पूरे क्लास में पूछी मैं,” ती म्हणाली, “ये कोन लिखा, किसकू बी नै मालूम.” मग कागद माझ्यापुढे ठेवून तिने वरच्या कोपऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. नोंदी इंग्रजीत होत्या, ती एक ओळ मराठीत. घरी मराठी बोलणारी, पण मराठी वाचायला तिला वेळ लागतो. तिने एकेक अक्षर लावत ती वाचली.

“हि-र-वी खू-ण. म्हणजे. स्व-तः. पा-हि-ले.”

अक्षर माझं होतं.

मला त्या ओळीची जन्मकथा सांगायला हवी. आमचे जुने ग्रंथपाल कडक होते. त्यांचा नियम असा की यादी करून देताना, जे पुस्तक कपाटातून काढून हातात घेतलं त्याच्यापुढेच, मूळ यादीवर आणि कार्बन प्रतीवरही, हिरव्या शाईची खूण करायची. नुसतं कार्ड पाहून खूण करायची नाही. आता ते हयात नाहीत. त्यांचा फोटो माझ्या मागच्या भिंतीवर आहे आणि जे काही मला येतं ते त्यांनी शिकवलेलं आहे. त्या यादीत चाळीस नोंदी होत्या. चाळीसही नोंदींपुढे हिरवी खूण होती. चाळिसावी नोंद तलावांच्या पुस्तकाची होती.

“मॅडम,” तिने माझ्या डोक्यावरच्या फोटोकडे बघत विचारलं, “हे त्या सरांचं अक्षर आहे का?”

नुसतं हं म्हटलं असतं तरी चाललं असतं. वारलेल्या माणसाला कुणी जाब विचारत नाही. तेवढंही करायचं नसेल तर तो कागद, ठेव इथं, बघते, म्हणून खणात टाकता आला असता. सगळ्या विद्यापीठात ती एकच प्रत होती आणि ती आता माझ्या टेबलावर होती. प्रमुख बैठकीत म्हणणार, यादी ग्रंथालयाने दिली. मी म्हणणार, दाखवा. झालं. मी मुलीला म्हटलं, उद्या सांगते. तिने मान हलवली, पण कागद माझ्याकडे ठेवला नाही. फाइलमध्ये घालून घेऊन गेली. मीच तिला शिकवलं होतं की मूळ कागद हातचा सोडायचा नाही.

ती गेल्यावर मी कपाटांकडे गेले आणि वीस-बावीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते काम केलं. जुनी कार्डं आम्ही अजून फेकलेली नाहीत. खिडकीपासच्या खणात दोन कार्डं शेजारी-शेजारी निघाली. पहिलं त्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या पुस्तकाचं, पण ते जंगलांवरचं. दुसरं एका त्रैमासिकातल्या लेखाचं, विषय तलाव. आमच्याकडे पुस्तकांची कार्डं काळ्या शाईत आणि लेखांची तांबड्या शाईत लिहायची रीत होती. खिडकीतून येणाऱ्या ओलीने त्या खणातली तांबडी शाई तेव्हाच काळवंडून तपकिरी, जवळजवळ काळी झालेली. मी लेखक एका कार्डावरून घेतला होता आणि नाव दुसऱ्यावरून. कपाटापर्यंत गेले असते तर दोन मिनिटांत चूक कळली असती. मी गेले नव्हते.

का गेले नव्हते, तेही आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. माझ्या एकोणचाळीस नोंदी झाल्या होत्या. ते काउंटरपलीकडे उभे होते, तरुण, हुशार, मोठ्या घरचे. मला चाळीस करून द्यायच्या होत्या. एकोणचाळीसपेक्षा चाळीस बरे दिसतात. दोन दिवसांत चाळीस, तेही सगळे पाहून, असं म्हणून त्यांनी माझं कौतुक केलं होतं आणि ते कौतुक मी कित्येक महिने जपलं होतं. आता सांगताना मला त्या हंगामी पोरीच्या एक ठेवून द्यावीशी वाटते.

मी त्रैमासिकाचा तो बांधीव खंड काढला. लेख आठ पानांचा होता. खंड तसाच हातात धरून मी जमिनीवर बसले. माझा सूड गेला होता. ज्याला मी इतकी वर्षं चोर म्हणून शोधत होते ती मीच निघाले होते आणि प्रमुख फक्त माझ्यावर विसंबले होते. ही गोष्ट मला चुकीपेक्षा जास्त झोंबली. आता त्यांना माफ करावं लागणार होतं.

मग त्यांचा प्रबंध काढून आणला. त्या पुस्तकाचा त्यांनी कितपत उपयोग केला होता ते निदान बघावं म्हणून. चौथ्या प्रकरणात तळटीप सापडली. लेखक, पुस्तकाचं नाव, वर्ष, सगळं माझ्या यादीतलं. आणि पुढे एक गोष्ट, जी माझ्या यादीत नव्हती: पान दोनशे चौदा.

मी ते तीनदा वाचलं. मग त्या दोन कपाटांच्या मधे बसून एकटीच हसले. जे पुस्तक नाही त्याचं दोनशे चौदावं पान! लेख धरला तरी तो आठ पानांचा. खोटी खूण मी केली होती, आळसाने आणि मिरवायच्या हौसेने. पण ते पान कुणी दिलं? ते देताना माणसाने बसून विचार केला असणार. दहावं पान फार सुरुवातीचं वाटेल, चारशेवं फार पुढचं. दोनशे चौदा विश्वासू दिसतं. माझा सूड मला जागच्या जागी परत मिळाला. फक्त त्यासाठी आता आधी मला स्वतःला पुढे करावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला सांगितलं की अक्षर माझं आहे आणि ती खूण खोटी आहे. तिने दप्तरातून पट्टी काढली. मग तक्त्याच्या तळाशी नवी चौकट आखली, त्यात माझं नाव लिहिलं आणि ‘पुस्तक स्वतः पाहिलं का’ या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं. पट्टी लावून, नीट. मी तिला चौथ्या प्रकरणाची तळटीपही दाखवली. तिने सरांच्या चौकटीतही ‘नाही’ लिहिलं आणि त्यापुढे ‘पान २१४’. यादी तिने मला बैठकीपुरती दिली, परत मिळेल असं माझ्याकडून वदवून घेऊन.

बैठकीत प्रमुख आधी बोलले. बोजा, वेळ, विद्यार्थ्यांची नाराजी. मग माझे तक्ते पाहून ते खेदाने म्हणाले की चुकीची यादी ग्रंथालयाने दिली होती, दुर्दैवाने ती आता उपलब्ध नाही, आणि असं ग्रंथालय इतरांना माहिती तपासायला काय शिकवणार? दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तेच लोक होते, मागे हसलेले.

मी यादी टेबलाच्या मधोमध ठेवली. म्हटलं, यादी उपलब्ध आहे, अक्षर माझं आहे, चाळिसावी खूण माझी आहे आणि ती खोटी आहे. मी पुस्तक न पाहता पाहिलं असं लिहिलं. याचं जे काही व्हायचं ते माझ्या नावावर व्हावं. सगळे यादीकडे बघत राहिले. प्रमुखांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी ती त्यांना थोडा वेळ उपभोगू दिली. मग प्रबंधाचं ते पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं आणि जे वाक्य इतकी वर्षं माझ्याजवळ होतं ते त्यांना परत दिलं.

“सर, पुस्तक कुठं आहे ते सांगणं माझं काम. ते कुठंच नाही. त्यात काय आहे ते सांगणं तुमचं. पान दोनशे चौदावर काय आहे?”

मग वळून मंडळाला तेच इंग्रजीत सांगितलं. न कळायला नको.

ते पानाकडे बघत होते. कदाचित मायक्रोफिल्मवर पाहिलं असेल, म्हणाले. मग तपासून सांगतो म्हणाले.  कुणी हसलं नाही, याची मला थोडी खंत वाटली. अध्यक्षांनी पुढचा विषय घेऊ या म्हटलं, तर मी म्हटलं, हा विषय अजून संपलेला नाही. माझ्या मूळ अठरा पानांची प्रत, जुन्या बैठकीत ठेवल्याच्या शिक्क्यासकट, मी सोबत नेली होती. तिच्यात सहानंतर आठ होता. प्रमुखांच्या प्रस्तावातही सहानंतर आठ आहे, हे मी मंडळाला शेजारी-शेजारी दाखवलं आणि भिऊन काढलेला सातवा मुद्दा तिथंच वाचला: शिकवणाऱ्यांच्या आणि ग्रंथालयाच्या लिखाणातले संदर्भही दरवर्षी विद्यार्थ्यांनी तपासावेत. एक दिवसाच्या दर्शनाच्या बाजूने मग कुणाचाच हात वर झाला नाही. अभ्यासक्रम सगळ्या पदव्यांत गेला, सातव्या मुद्द्यासकट, माझ्या नावाने.

फुकट काही झालं नाही. खोटी खूण केल्याबद्दल मला मेमो मिळाला आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना माझ्या सेवापुस्तकात एक ओळ आली. त्यांच्या प्रबंधाचं काय करायचं, यावर समिती नेमली आहे. समित्या चालतात तशी तीही चालली आहे. लोक मला विचारतात, इतकं करून बरं वाटलं का? बहुधा त्यांना नाही हे उत्तर हवं असतं. मला बरं वाटलं. अजून वाटतं. ते पानाकडे बघत होते ती दोन मिनिटं मी कुणालाही देणार नाही.

त्या मुलीचा तक्ता आम्ही फ्रेम करून वाचनकक्षाच्या दारापाशी लावला आहे. नव्या वर्गाचा पहिला तास त्याच्यासमोर उभ्याने होतो. तळाशी दोन चौकटी आहेत, मधे एक रेघ. एकीत त्यांचं नाव, एकीत माझं, दोन्हींपुढे ‘नाही’. या माणसाबरोबर आपलं नाव एका ओळीत यावं, असं मला जन्मात वाटलं नव्हतं. आता आम्ही दोघं गेल्यावरही ते तसंच राहणार आहे आणि पोरं दरवर्षी दोन्ही नावं मोठ्याने वाचणार आहेत. गेल्या महिन्यात एका मुलाने विचारलं, “मॅडम, तुम्ही का टिक केली होती?” मी म्हटलं, चाळीस करायचे होते. तो ते वहीत लिहून घेत होता.

प्रमुख हल्ली मागच्या जिन्याने येतात. मला मात्र रोज त्या तक्त्याच्याच दारातून जावं लागतं, कारण किल्ली माझ्याकडे असते.